तीन दिवसांची सवलत

ओमाहात डिसेंबरात चार वाजले
की पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचा तांबूस होतात
आणि माझ्या हेडफोनमध्ये
सेबूचा कोंबडा आरवतो.

"सॉरी मॅम, शेजाऱ्यांचा आहे," मेरिसेल म्हणते.
म्हटलं, असू दे. आमच्याकडेही होता एक.
बाबा रविवारी त्याला बादलीखाली झाकायचे.
उजाडायचं ते उजाडायचंच.

कंपनीनं याला नाव दिलंय ज्ञान-हस्तांतरण.
सहा आठवडे, रोज दोन तास.
शेवटच्या दिवशी मी सही करायची, की सगळं दिलं.
मग ते देणार
एकतीस वर्षांचा एकतीस आठवडे पगार, आणि तेवढाच विमा.
डेलला हे पटलं नाही. पहिल्याच सोमवारी
निवडुंगाची कुंडी काखेत मारून तो गेला,
जिनाभर माती सांडत.
माझ्या नवऱ्याचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार.
मी बसले.

तर देतेय.
हप्ता कसा मोजायचा, थकबाकी कुठे वळवायची,
कोबोलच्या कुठल्या ओळीला हात लावला
की अख्खी महिनाअखेर अंगावर येते.
ती लिहून घेते. फार लवकर लिहून घेते.
मी रागवायची तयारी करून आले होते,
पहिल्या दिवशी मुद्दाम भरभर बोलले.
दुसऱ्या दिवशी तिनं माझीच एक चूक दाखवली,
दोन हजार नऊपासूनची,
इतक्या हलक्या हातानं, की कुणी
आपल्या कॉलरवरचा दोरा उचलावा.

काल विचारलं तिनं:
"मॅम, ओळ चार हजार दोनशे बारा.
फेब्रुवारीत तीन दिवस जास्त का देतो आपण?
आणि फक्त सातच झिप कोडना?"

वर शेरा माझाच.
काढू नये. कारण व्हर्नाला विचारा.

सत्त्याण्णवचा हिवाळा, मेरिसेल.
आठवडाभर रस्ते बंद, टपालाची गाडी बर्फात रुतलेली.
मिलो ह्रुस्काचा चेक दोन दिवस उशिरा पोचला
आणि त्या दोन दिवसांतच
त्याच्या गोठ्याचं छप्पर बसलं, एकोणीस गाईंवर.
पॉलिसी रद्द झाल्याचं पत्र
माझ्या प्रोग्रामनं छापलं.
रात्री अडीचला, आपोआप, स्पेलिंगची एकही चूक न करता.
त्या शनिवारी मी ऑफिसात एकटी आले.
ही ओळ लिहिली.
कुणाला विचारलं नाही.
कुणाच्या लक्षातही आलं नाही, सत्तावीस वर्षं.

पलीकडे बराच वेळ नुसता पंखा.
मग ती म्हणाली, "फॉर्ममध्ये एक रकाना आहे, मॅम.
मंजुरी कोणाची?"

कोणाची नाही, म्हटलं.
तुला काढावी लागेल ती.

कोंबडा पुन्हा ओरडला. ती हसली नाही.
माझ्या स्क्रीनवर तिचा कर्सर चालत चालत गेला,
रकान्यात टाइप झालं: जुना नियम, चालू ठेवणे.
मग ती वर गेली, शेऱ्यापाशी,
माझं नाव एकेक अक्षर मागे घेत पुसलं
आणि तिथे स्वतःचं लिहिलं.

काढू नये. कारण मेरिसेलला विचारा.

"तू किती दिवस आहेस तिथे?" मी विचारलं.
"कंत्राट अकरा महिन्यांचं आहे, मॅम.
पुढचं माहीत नाही. हनोईत स्वस्त पडतं म्हणतात,
किंवा मग माणूसच नको असेल."

अकरा महिने. म्हणजे एक फेब्रुवारी.

खाली आले तेव्हा गाडीची काच गोठलेली.
खरवडायची पट्टी डेलला दिली होती, ती त्याच्याकडेच राहिली.
गळ्यातलं ओळखपत्र काढलं
आणि त्याच्या कडेनं, स्वतःच्या फोटोच्या कडेनं,
समोरचं दिसेल एवढंच
खरवडत बसले.